दाराबाहेरची बाटली

मी संडास आखते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. समोरचा माणूस आधी हसतो, मग ओशाळतो, मग विषय बदलतो. एका बारक्या ऑफिसात ड्राफ्टिंग करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तिथे जिने, गॅलऱ्या, इमारतीचं दर्शनी तोंड हे सगळं साहेब लोकांकडे असायचं आणि संडास-मोरी माझ्या वाट्याला. करता करता त्यात हात बसला. आता तंबू ठोकून लोकांना रात्रभर ठेवतात ना, तसल्या जागांची कामं माझ्याकडे येतात. तंबू कसाही असला तरी लोक चालवून घेतात. पण सकाळी संडासाला जाऊन आलेल्या माणसाचं तोंड बघावं. तो पुन्हा येणार की नाही, ते तिथेच कळतं.

मी स्वतः आखलेल्या अशाच एका संडासात माझे बाबा मरता मरता वाचले. ते कसं, हे सांगायला आमच्या घाटकोपरच्या चाळीपासून सुरुवात करावी लागेल.

चाळ डोंगराच्या उतारावर होती आणि चाळीच्या पार टोकाला आठ संडास ओळीने. मागे नुसती झाडी आणि कचरा. दारांच्या आतल्या कड्या कोणीतरी कधीतरी उपटून नेलेल्या, त्या परत कधी बसल्या नाहीत. पूर्वी सगळे पाण्याचा डबा घेऊन आत जायचे. पुढे आत नळ आले, पण डबा काही सुटला नाही. आतून कडी नाही तर आत माणूस आहे हे कळणार कसं? म्हणून डबा दाराबाहेर ठेवायला लागले. वाऱ्याने घरंगळू नये म्हणून त्यात थोडं पाणी घालायचं. आमचा डबा निळा, ऑइलपेंटचा रिकामा, धरायला तार असलेला. डबा बघून आत कोण आहे हेसुद्धा कळायचं. आणि तरीही खात्री करायची असेल तर बाहेरून खोकायचं. आतला माणूस उलट खोकायचा. बोलायचं मात्र नाही. संडासात बसून तोंड उघडायचं नाही हे बाबांनी आम्हाला इतकं बजावलं होतं की आत पाल दिसली तरी मी ओठ दाबून बसायचे.

दारांना बाहेरून मात्र कडी होती, आणि ती धडधाकट. कारण मागच्या झाडीतून घुशी यायच्या. आपलं झालं की दार लोटून बाहेरून कडी घालायची, हा चाळीचा नियम. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा तशीच घरी पळून आले. बाबांनी विचारलं, "कडी घातलीस?" मी त्यांच्याकडे न बघता पाय पुसत राहिले. "जा, घालून ये." संध्याकाळ झालेली, ओळीतला एकच दिवा लागलेला. त्या उघड्या दारापर्यंत मी कशी गेले ते माझं मला माहीत. दार आणि लादी यांच्यामध्ये वीतभर फट असायची, आणि त्या फटीतून घुशीचं तोंड बाहेर येईल आणि माझा अंगठा धरील असं मला पक्कं वाटत होतं. कडी घातली आणि रडत रडत पळाले. त्यानंतर आजपर्यंत उघडं हलणारं संडासाचं दार मला बघवत नाही. हात आपोआप जातो.

ती फटही मनातून गेली नाही. म्हणून माझ्या आखणीत दाराखाली फट नसते. साहेब म्हणायचे, बाई, हवा खेळायला फट ठेवा. मी ऐकलं नाही.

गोराईच्या कामातही ऐकलं नाही. बोरीवलीच्या जेट्टीवरून लाँचने खाडी ओलांडली की पलीकडे गोराई. तिथल्या जुन्या गावठाणातल्या एका ख्रिश्चन बाईंची माडांची वाडी होती. मी त्यांना आंटी म्हणायचे. साठीच्या, ठणठणीत, घरात आणि शेतात त्यांच्या शब्दापुढे कोणाचं चालत नसे. वाडीत तंबू लावायचे आंटींनी ठरवलं आणि संडास आखायला मला बोलावलं. मी जीव ओतून काम केलं. पाच संडास, ओळीने. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोडची उंची दोन बोटं जास्त, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, कपड्यांना हूक, उंबरा इतका बुटका की चपलेतला पाय अडकू नये. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं दार खालपर्यंत टेकलेलं. वर जाळी होती, पण डास येतात म्हणून तिला आतून बारीक कापड लावलं. आणि बाहेरून कडी, कारण वाडीत कुत्री मोकाट. छपरावर माडाच्या झापा अंथरायच्या होत्या, म्हणजे पत्रा तापला नसता. त्या विणून व्हायच्या होत्या.

"पाहुणे यायला लागलेच," आंटी फोनवर म्हणाल्या. "तू एक दिवस येऊन राहा ना. काय चुकलं असेल तर तूच सांग."

मी बाबांना घेऊन गेले. एप्रिल सरत आला होता. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, माझ्याकडेच राहतात. गुडघे गेलेले, आणि अलीकडे डोकंही मधूनच दगा देतं. दोनदा मंडईत गेले आणि घरचा रस्ता विसरले. पहिल्या वेळी अर्धा तास, दुसऱ्या वेळी दोन तास सापडले नव्हते. त्या दोन तासांत मी जे काय नवस बोलले ते अजून फिटायचेत. आदल्या वर्षी ते घरच्या बाथरूममध्ये पडले, आतून कडी होती, दार फोडावं लागलं. तेव्हापासून मी त्यांना बजावलं होतं, कुठेही जा, आतून कडी लावायची नाही. लहान मुलाला दटावतात तसं. त्यांनी मान डोलावली आणि खरोखर कधी लावली नाही.

वाडीत त्यांना बरं वाटलं. माडाखाली बाज टाकून दिली, आंटींनी सुकटीची चटणी नि भाकरी वाढली. तंबूंमध्ये दोन कुटुंबं आली होती, ती जेवून सावलीला पडली. दीडच्या सुमाराला मी मागे शोषखड्डा बघायला गेले. कंत्राटदाराने विटा नीट रचल्यात की नाही ते वाकून वाकून बघितलं. ऊन असं की कानशिलं ठणकत होती.

परत येताना संडासांच्या ओळीवरून आले. चार दारांना कड्या घातलेल्या होत्या. मधलं, तिसरं दार नुसतं टेकलेलं, वाऱ्याने बोटभर हलत होतं. उंबऱ्याशी प्लास्टिकची बाटली, अर्धी भरलेली. माझं डोकं फिरलं. नवीन जागा, अजून रंग वाळला नाही आणि लोकांनी कचरा टाकायला सुरुवात केली! बाटली उचलली, पाणी झाडाला ओतलं, बाटली पिंपात टाकली. दार दाबलं, कडी घातली. घालताना कुठे लक्ष होतं? मी मनात शोषखड्ड्याच्या विटा मोजत होते.

तुम्हाला कळलं असेल. मला कळायला पाऊण तास लागला.

बाजेवर बाबा नव्हते. फिरत असतील म्हणून मी चटईवर टेकले आणि डोळा लागला. दचकून उठले तेव्हा बाज तशीच रिकामी, चपला नाहीत. अशा वेळी काय होतं ते मला मंडईच्या वेळेपासून ठाऊक आहे. आपण मोठ्या शहाणपणाने स्वतःलाच सांगतो, इथेच असतील.

इथे नव्हते. तंबू बघितले. आंटींच्या घराचा ओटा बघितला. मग विहीर. विहिरीला कठडा होता, पण गुडघ्याएवढाच. मी कठड्यावर पोट टेकून आत बघितलं. काळं पाणी, त्यात माझंच डोकं. किती वेळ बघत होते कोण जाणे. पाण्यावर काही हलतंय का बघायचं आणि त्याच वेळी ते दिसू नये म्हणून देवाला विनवायचं, हे दोन्ही मी एकाच श्वासात करत होते.

वाडीच्या पलीकडे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. बाबांचं गाव मालवणकडचं, किनाऱ्यालगतचं. समुद्र दिसला की त्यांचे पाय तिकडे वळतात, हे मला माहीत होतं. ओहोटी होती. ओली वाळू लांबवर पसरलेली, आणि एवढ्या उन्हात त्यावर माणूस नाही. "बाबाऽ!" मी ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला. तंबूतले दोघे जण मदतीला आले, ते एका बाजूने गेले, मी दुसऱ्या बाजूने. वाळूत पावलं दिसतात का बघत होते. पावलं खूप होती, पण कुत्र्यांची.

परत वाडीत आले ती संडासांच्या ओळीवरूनच. "बाबा! बाबा!" हाका मारत होते. तेवढ्यात ओळीतून कुणीतरी खोकलं. बारीक, सुका खोकला, दोनदा. मी तिथल्या तिथे गप्प झाले आणि बाजूने निघून गेले. आत माणूस आहे, आपण दारात उभं राहून आरडाओरडा करू नये. तो खोकला मी चाळीत ऐकला असता तसाच ऐकला. माणूस आहे, पुढे जा. मी पुढे गेले.

आजही मला रात्री जाग येते ती या जागेवर.

आंटी अंगणात कपडे गोळा करत होत्या. मी त्यांच्या दंडाला धरलं. मला वाटतं मी त्यांना हलवत होते. "आंटी, बाबा सापडत नाहीत. समुद्रावर गेले असतील. पाण्यात गेले असतील."

"थांब गो बाय. श्वास घे," त्या म्हणाल्या. "मघाशी तर इथेच होते. नळावर बाटली भरून घेतली माझ्याकडून. मी म्हटलं, बाबा, पिण्याचं पाणी माठात आहे, ते घ्या. तर म्हणाले, प्यायला नको."

प्यायला नको.

त्या दोन शब्दांनी मला चाळीत नेऊन उभं केलं. निळा डबा, तळाला थोडं पाणी, दाराबाहेर. आणि माझा हात कडीवर. मी काय केलं ते आधी हाताला कळलं, डोक्याला नंतर. मी पळाले. पळताना तोंडातून नुसता आवाज निघत होता, शब्द नव्हते.

कडीला हात लावला तर ती चटका देत होती. दार उघडलं आणि उकळत्या भांड्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. बाबा कमोडवर बसले होते. पायजमा व्यवस्थित बांधलेला, नाडी आत खोचलेली. दोन्ही हात मी बसवलेल्या दांड्यांवर. तोंड लालबुंद, आणि कपाळ कोरडं. एवढ्या गरमीत घामाचा थेंब नाही. उन्हाने माणूस जायला आला की घाम थांबतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तेच मला दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण ओळखल्यासारखं बघितलं नाही.

आंटी आणि तंबूतल्या माणसांनी त्यांना उचलून विहिरीपाशी सावलीत आणलं. आंटींनी बादलीमागून बादली काढून अंगावर ओतली, ओले टॉवेल काखेत कोंबले, बोटाने मीठ-साखरेचं पाणी ओठांना लावलं. मी काहीच केलं नाही. मी त्यांचा तळपाय धरून बसले होते आणि तो गार होतोय की काय ते बघत होते. मग रिक्षा, मग जेट्टी, मग लाँच. खाडी ओलांडायला किती वेळ लागतो? काहीच नाही. त्या दिवशी बोरीवलीचा किनारा जवळ येईच ना. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून. इंजिनच्या धडधडीत श्वास कळत नव्हता. मी बोट काढलं नाही.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांनी विचारलं, कोंडले कसे? मी सांगितलं, कडी अडकली. म्हणजे खोटं नाही बोलले, पण खरंही नाही.

दिवेलागणीला बाबांनी डोळे उघडले. या वेळी ओळखलं. दमले किंवा घाबरले की ते गावच्या बोलीवर जातात, मला मुलगी न म्हणता चेडू म्हणतात.

"हाका का नाही मारल्यात, बाबा?" मी विचारलं. विचारताना माझा राग वर आला. भीती गेली की माझ्याकडे राग उरतो, हा माझा स्वभावच आहे. "दार का नाही ठोकलंत?"

"संडासात बसान हाका मारतत?" ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "खोकललंय मां मी. चार-पाच वेळा खोकललंय."

"हो. ऐकलं मी."

त्यांनी मान वळवून खाटेखाली बघितलं. मग म्हणाले, "डबो भायर ठेवललंय. तो खय गेलो?"

डबा म्हणजे ती बाटली. "कुत्र्याने नेला असेल," मी म्हटलं.

"आणि कडी?"

या माणसाला घरचा रस्ता आठवत नाही, आणि इथे बरोबर कडीवर बोट ठेवलं. मी तिथे रडायला लागले, नर्सने बघितलं तरी थांबता येईना. "मी घातली, बाबा. दार हलत होतं. मी बघितलंच नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग, सुई टोचलेला हात तसाच ठेवून, दुसऱ्या हाताने माझं मनगट चाचपलं. "उघडा दार दिसला तर कडी घालूकच होयी," ते म्हणाले. "मियांच शिकवललंय तुका. आणि आतसून घालू नको म्हणान तू सांगललंस. दोघांनी आयकला. बरा झाला."

बरं झालं म्हणे!

दुसऱ्या दिवशी आंटींना फोन करून पाचही बाहेरच्या कड्या कापायला सांगितल्या. कुत्र्यांचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. दारांखाली फटी पाडल्या, वीतभर. जाळीवरचं कापड फाडून टाकलं. छपरावर झापा चढल्या तेव्हा मी स्वतः जाऊन भर दुपारी एकेका संडासात दहा-दहा मिनिटं दार लावून बसले. तिसऱ्यात बसवेना. तीन मिनिटांत बाहेर आले.

घरी आता बाथरूमला कुठूनच कडी नाही. बाबा जाताना दाराबाहेर बाटली ठेवतात, थोडं पाणी घालून. कामवाल्या बाईंनी एकदा ती उचलली तर मी त्यांच्यावर अशी ओरडले की त्या दोन दिवस आल्या नाहीत. बाबा आत असले की मी स्वयंपाकघरातलं काम टाकून दारापाशी जाते आणि खोकते. आतून खोकला येतो. मग मी परत जाते. पाच मिनिटांनी पुन्हा येते.

परवा खोकले तर आतून काही आलं नाही. पुन्हा खोकले. काही नाही. नळ बंद होता, आतला दिवा चालू होता. दार ढकलायला हात उचलला, पण पुढे जाईना. आत काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. तसाच हात हवेत ठेवून मी तिसऱ्यांदा खोकले. माझा खोकला रडल्यासारखा झाला असेल.

आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. आणि मग बाबा, ज्यांनी जन्मात कधी संडासात तोंड उघडलं नव्हतं, ते आतून म्हणाले, "आसंय गो, चेडवा. आसंय मी."